विश्लेषण : देखरेख करणाऱ्या सॉफ्टवेअरला सर्व्हरच सापडला नाही तर? ‘सर्व्हिस डिस्कव्हरी’ का महत्त्वाची?

पैसे पाठवताना ॲप अडकते, तिकीट काढताना चक्र गोल गोल फिरत राहते, सामना ऐन रंगात आलेला असताना चित्र थिजते. अशा वेळी ‘सर्व्हर डाऊन आहे’ एवढेच आपल्याला कळते. पडद्यामागे मात्र शेकडो-हजारो सर्व्हरवर सतत नजर ठेवणारे सॉफ्टवेअर काम करत असते. एखादे यंत्र बंद पडले की ते अभियंत्याचा फोन वाजवते, मग रात्रीचे तीन का वाजलेले असेनात. पण ज्या यंत्रावर नजर ठेवायची, त्याचे नावच या सॉफ्टवेअरच्या यादीत नसेल तर? मग फोन वाजत नाही आणि नियंत्रण कक्षातील पडदा हिरवाच दिसत राहतो. ही यादी आपोआप तयार करणारी आणि ताजी ठेवणारी व्यवस्था म्हणजे ‘सर्व्हिस डिस्कव्हरी’. ती कशी चालते, तिच्यात बग कुठे शिरतात, ते दुरुस्त कसे होतात आणि ती बिघडल्यावर काय होते, याचा हा आढावा.

मॉनिटरिंग सॉफ्टवेअर नेमके काय करते?

कोणतीही मोठी ऑनलाइन सेवा एका यंत्रावर चालत नाही. लॉगिन, शोध, पैसे, नोटिफिकेशन अशी कामे वेगवेगळ्या प्रोग्रामना वाटून दिलेली असतात. प्रत्येक प्रोग्रामच्या अनेक प्रती अनेक सर्व्हरवर एकाच वेळी चालू असतात. त्यातली कोणती प्रत धापा टाकते आहे आणि कोणती बंद पडली आहे, हे माणसाने बसून पाहणे शक्य नसते.

हे काम मॉनिटरिंग सॉफ्टवेअर करते. त्यातले जगभर वापरले जाणारे एक नाव म्हणजे ‘प्रोमिथियस’. ते ठरावीक वेळाने प्रत्येक प्रोग्रामकडे जाते आणि आकडे मागते. किती विनंत्या आल्या, किती फसल्या, उत्तर द्यायला किती वेळ लागला, मेमरी किती वापरली, वगैरे. या फेरीला ‘स्क्रेप’ म्हणतात. दर १५ सेकंदांनी फेरी होत असेल, तर एका सर्व्हरकडे दिवसात ५,७६० फेऱ्या होतात. सर्व्हर १०० असतील, तर ५ लाख ७६ हजार.

आलेले आकडे वेळेसह साठवले जातात. त्यावर नियम लिहिता येतात. ‘पाच मिनिटे सलग शंभरातल्या पाचपेक्षा जास्त विनंत्या फसत असतील, तर कळव’ अशा प्रकारचे. नियम लागू झाला की अभियंत्याला संदेश जातो.

प्रत्येक फेरीत प्रोमिथियस स्वतःच्या बाजूने आणखी एक आकडा नोंदवते. त्याचे नाव ‘अप’. सर्व्हरने उत्तर दिले तर १, नाही दिले तर ०. यंत्र जिवंत आहे की नाही, याची ही सगळ्यात साधी नोंद. पुढच्या साऱ्या गोष्टीत हा छोटा आकडा महत्त्वाचा आहे.

प्रोमिथियस आले कुठून?

प्रोमिथियसचा जन्म बर्लिनच्या ‘साऊंडक्लाऊड’ या संगीत कंपनीत २०१२ मध्ये झाला. गुगलमधून तिथे आलेल्या मॅट प्राऊड आणि ज्युलियस व्होल्झ या अभियंत्यांनी ते सुरू केले. गुगलमध्ये ‘बोर्गमॉन’ नावाचे अंतर्गत मॉनिटरिंग सॉफ्टवेअर होते. त्याच धाटणीचे, पण सर्वांसाठी खुले असे साधन त्यांना हवे होते. साऊंडक्लाऊडने आपला एकसंध मोठा प्रोग्राम फोडून शेकडो लहान सेवा केल्या होत्या आणि त्या सतत जागा बदलत होत्या. हाताशी असलेली जुनी साधने तिथे अपुरी पडत होती.

२०१५ च्या जानेवारीत प्रोमिथियसची जाहीर ओळख करून देण्यात आली. २०१६ मध्ये ते ‘क्लाऊड नेटिव्ह कम्प्युटिंग फाऊंडेशन’ या संस्थेच्या छत्राखाली गेले. ‘कुबरनेटीस’नंतर या संस्थेने स्वीकारलेला तो दुसराच प्रकल्प होता. साठवणुकीची पद्धत नव्याने लिहिलेली २.० आवृत्ती नोव्हेंबर २०१७ मध्ये आली, तर ३.० आवृत्ती नोव्हेंबर २०२४ मध्ये. कोड ‘गो’ या भाषेत असून तो कोणालाही वाचता, वापरता आणि बदलता येतो.

यादी हाताने लिहून का भागत नाही?

पूर्वी भागत होते. कंपनीच्या खोलीत दहा सर्व्हर असायचे, त्यांना नावे दिलेली असायची आणि ती वर्षानुवर्षे तिथेच असायची. दहा पत्ते एका फाइलमध्ये लिहिले की काम झाले.

क्लाऊड आल्यावर हे बदलले. आता सर्व्हर तासाच्या हिशेबाने भाड्याने मिळतो. गर्दी वाढली की नव्या प्रती उभ्या राहतात, ओसरली की बंद होतात. त्यांचा पत्ता, म्हणजे आयपी क्रमांक, दर वेळी वेगळा असू शकतो. आज सकाळी एका प्रतीला मिळालेला पत्ता दुपारी भलत्याच प्रोग्रामला मिळालेला असू शकतो.

ही चढउतार किती मोठी असते, याचे आपल्याकडचे उदाहरण क्रिकेटचे. २०१९ च्या विश्वचषकात भारत-न्यूझीलंड उपांत्य सामना हॉटस्टारवर एकाच वेळी २ कोटी ५३ लाख प्रेक्षक पाहत होते. धोनी धावबाद झाला आणि प्रेक्षक भराभर बाहेर पडले. २०२३ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात हा आकडा ५ कोटी ९० लाखांवर गेला. इतके लोक येणार आणि मिनिटांत निघून जाणार, तर पाठीमागची यंत्रेही त्या हिशेबाने कमीजास्त करावी लागतात. अशा वेळी फाइल उघडून हाताने पत्ते लिहीत बसणे कोणालाही जमणारे नाही.

सर्व्हिस डिस्कव्हरी कशी चालते?

कल्पना सोपी आहे. कोणते प्रोग्राम कुठे चालू आहेत, हे कोणाला तरी आधीच माहीत असते. कंटेनर चालवणाऱ्या कुबरनेटीसला ते माहीत असते. ॲमेझॉन, मायक्रोसॉफ्ट, गुगल यांच्या क्लाऊडला आपण काय भाड्याने दिले आहे, ते ठाऊक असते. ‘कॉन्सल’सारखे सॉफ्टवेअर तर सेवांची नोंदवही म्हणूनच वापरले जाते. मॉनिटरिंग सॉफ्टवेअरने यांनाच विचारायचे : सध्या कोण कोण आहे?

विचारण्याच्या पद्धती वेगवेगळ्या. कुबरनेटीसकडे प्रोमिथियस कान लावून बसते. नवी प्रत उभी राहिली की लगेच निरोप येतो. ॲमेझॉनच्या क्लाऊडला ते ठरावीक वेळाने विचारते, मूळ रचनेनुसार दर ६० सेकंदांनी. ज्यांची नोंदवही स्वतःची आणि निराळी असते, त्यांना ती साध्या फाइलमध्ये लिहून देता येते. २०२१ मध्ये आलेल्या २.२८ आवृत्तीपासून एखाद्या वेब पत्त्यावरूनही यादी देता येऊ लागली. प्रत्येक कंपनीच्या नोंदवहीसाठी प्रोमिथियसमध्ये वेगळा कोड लिहिण्याची गरज त्यामुळे उरली नाही.

मिळालेली यादी जशीच्या तशी वापरली जात नाही. प्रत्येक नोंदीबरोबर माहितीच्या चिठ्ठ्या येतात. हा कोणता विभाग, कोणते शहर, प्रयोगासाठीचा सर्व्हर की खरा. या चिठ्ठ्या पाहून कोणाला ठेवायचे आणि कोणाला वगळायचे, हे वापरणारा ठरवतो. या चाळणीला ‘रिलेबलिंग’ म्हणतात. सॉफ्टवेअरने स्वतःची अक्कल न वापरता सगळी माहिती पुढे ठेवावी आणि निवड वापरणाऱ्यावर सोडावी, असे प्रोमिथियसच्या रचनेचे धोरण आहे.

पटावर नावच नसेल तर...

शाळेतली हजेरी आठवा. बाई पटावरचे एकेक नाव घेतात. ज्याने ‘हजर’ म्हटले नाही, त्याची गैरहजेरी लागते आणि घरी निरोप जातो. पण ज्या मुलाचे नाव पटावर चढलेलेच नाही, त्याचे नाव घेतलेच जात नाही. तो शाळेत आला काय, न आला काय, वहीत गैरहजेरी लागत नाही.

मॉनिटरिंगमध्ये नेमके हेच होते. यादीतला सर्व्हर बंद पडला, तर ‘अप’चा आकडा ० होतो आणि नियम जागा होतो. यादीत नसलेल्या सर्व्हरचा ‘अप’ ० होत नाही, कारण तो आकडाच अस्तित्वात नसतो. ‘शून्य झाला तर कळव’ हा नियम नसलेल्या आकड्यावर लागू होत नाही. सगळे ठीक असताना जशी शांतता असते, तशीच शांतता इथेही असते.

म्हणून सर्व्हिस डिस्कव्हरीतला बग इतर बगपेक्षा जास्त घातक ठरतो. आलेख चुकीचा काढला गेला, तर तो डोळ्यांना खुपतो. यादीतून नाव गळले, तर कोणाला काहीच खुपत नाही. ते कळते ते ग्राहकांच्या तक्रारी सुरू झाल्यावर.

बग नेमके कुठे शिरतात?

पहिला प्रकार नाव गळण्याचा. याचे कारण बहुतेकदा चाळणीतच असते. एका विभागाने चिठ्ठीवरचा शब्द बदलला, ‘प्रॉडक्शन’चे ‘प्रॉड’ केले आणि चाळणीतला नियम तसाच राहिला, की त्या विभागाचे सगळे सर्व्हर एका फटक्यात यादीबाहेर जातात. कधी नोंदवहीचीच मर्यादा आड येते. कुबरनेटीसमध्ये एका सेवेचे पत्ते ठेवण्याची जुनी पद्धत १,००० पत्त्यांपर्यंतच नोंद ठेवते आणि त्यापुढचे कापून टाकते. १,२०० प्रती चालू असतील, तर २०० जणांची नावे त्या यादीत येतच नाहीत. पत्ते लहान लहान तुकड्यांत ठेवणारी नवी पद्धत त्यासाठीच आणली गेली. प्रोमिथियसनेही ती वाचायला सुरुवात केली आणि कुबरनेटीसने २०२५ मध्ये जुनी पद्धत कालबाह्य ठरवली.

दुसरा प्रकार मागे उरलेल्या नावांचा. सर्व्हर केव्हाच बंद केला, पण यादीत नाव तसेच राहिले. मग प्रोमिथियस त्या पत्त्यावर जात राहते, उत्तर मिळत नाही आणि मध्यरात्री उगाच फोन वाजतो. असे खोटे फोन रोज वाजू लागले की माणसे दुर्लक्ष करायला शिकतात आणि एखाद्या रात्री खरा फोनही तसाच सुटतो. त्याहून वाईट म्हणजे तोच पत्ता नव्या प्रोग्रामला मिळाला, तर त्याचे आकडे जुन्याच्या नावावर जमा होतात.

तिसरा प्रकार दुहेरी मोजणीचा. एकच सर्व्हर दोन नोंदवह्यांमधून दोन वेगळ्या चिठ्ठ्यांसह आला, तर तो दोन सर्व्हर म्हणून मोजला जातो. दिवसाला एक लाख विनंत्या आल्या असतील, तर आलेख दोन लाख दाखवतो.

चौथा प्रकार अडकून बसण्याचा. यादी गोळा करणारा भाग आणि आकडे आणणारा भाग एकाच वेळी काम करत असतात. पहिला दुसऱ्याकडे यादी सोपवतो. दुसरा घ्यायला तयार नसेल, तर पहिला हात पुढे करून उभा राहतो आणि नव्या बातम्या मागे तुंबतात. मोठ्या क्लस्टरमध्ये बदल सेकंदाला शेकड्यांनी होऊ शकतात. म्हणून प्रोमिथियस प्रत्येक बदल लगेच पुढे न ढकलता पाच-पाच सेकंदांच्या अंतराने एकत्र यादी पाठवते. पाच सेकंदांचा उशीर पत्करून तुंबणे टाळले जाते.

या सगळ्यात एक प्रश्न हमखास येतो. नोंदवहीच उत्तर देत नसेल, तर काय समजायचे? ‘कोणीच नाही’ असे समजून यादी पुसली, तर सगळी देखरेख एका क्षणात बंद पडेल. वेब पत्त्यावरून येणाऱ्या यादीबाबत प्रोमिथियसचा नियम स्पष्ट आहे. नवी यादी मिळाली नाही, तर आधीचीच वापरत राहायची. मात्र ती डिस्कवर जपून ठेवली जात नाही. नेमक्या त्याच वेळी प्रोमिथियस पुन्हा सुरू करावे लागले, तर जुनी यादीही हातात राहत नाही.

बंद झालेल्या सर्व्हरचे आकडे कधी विसरायचे, हाही असाच प्रश्न होता. २.० आवृत्तीपूर्वी गेलेल्या सर्व्हरचा शेवटचा आकडा पाच मिनिटे रेंगाळत राही. प्रती पटापट बदलत असतील, तर जुन्या आणि नव्या दोन्ही मिळून बेरीज फुगायची. २.० मध्ये ‘हा संपला’ अशी खूण आकड्यांच्या रांगेतच घालण्याची पद्धत आली. यादीतून नाव गेले की ती खूण पडते आणि बेरजेतून तो आकडा बाजूला होतो.

रोब्लॉक्सचे ७३ तास

यादीची व्यवस्थाच कोसळली तर काय होते, हे २०२१ मध्ये ‘रोब्लॉक्स’ने अनुभवले. मुलांमध्ये लोकप्रिय असलेल्या या गेमिंग मंचावर तेव्हा रोज सुमारे ५ कोटी लोक येत. २८ ऑक्टोबर २०२१ रोजी तो बंद पडला आणि तब्बल ७३ तास बंद राहिला. कंपनीने पुढे जानेवारी २०२२ मध्ये त्याचा सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला.

रोब्लॉक्सकडे १८ हजारांहून अधिक सर्व्हर आणि १ लाख ७० हजार कंटेनर होते. कोणती सेवा कुठे आहे, हे सांगण्याचे काम कॉन्सलकडे होते आणि मागच्या सगळ्या सेवा एकाच कॉन्सल समूहावर विसंबून होत्या. तो समूह मंदावला, तशा सेवांना एकमेकींचे पत्ते मिळेनासे झाले.

अभियंत्यांना आधी हार्डवेअरची शंका आली. त्यांनी यंत्र बदलले. मग ६४ ऐवजी १२८ कोअरची दणकट यंत्रे लावली. त्याने प्रकृती आणखी बिघडली. अखेर दोन कारणे सापडली. पहिले, कॉन्सलमधील ‘स्ट्रीमिंग’ ही नवी सुविधा. नोंदवहीवरचा भार कमी व्हावा म्हणूनच ती आणली होती. पण वाचणारे आणि लिहिणारे दोघेही प्रचंड संख्येने आले, की सगळे एकाच अरुंद दारापाशी अडत होते. जास्त कोअरच्या यंत्रांवर ही रेटारेटी वाढत होती. दुसरे कारण कॉन्सल ज्यात माहिती साठवत होते, त्या ‘बोल्टडीबी’चे. एका सर्व्हरवरील ४.२ जीबीच्या फाइलमध्ये खरी माहिती ४८९ एमबीच होती. बाकीची जागा रिकामी होती, पण त्या रिकाम्या जागांची ७.८ एमबीची यादी प्रत्येक लहानशा नोंदीबरोबर पुन्हा डिस्कवर लिहिली जात होती.

मग शोधाला इतका वेळ का लागला? अहवालात कंपनीने एक कारण स्पष्ट लिहिले आहे. त्यांची मॉनिटरिंग व्यवस्थाही कॉन्सलवरच अवलंबून होती. कॉन्सल आजारी पडले, तेव्हा त्याचा आजार ओळखायला जे आकडे हवे होते, तेच हाती नव्हते. घराला आग लागावी आणि पाण्याची मोटर त्याच घराच्या विजेवर चालत असावी, असा हा प्रकार.

स्ट्रीमिंग बंद केल्यावर कॉन्सल सावरले. खेळाडूंना एकदम आत न घेता साधारण दहा-दहा टक्क्यांनी घेण्यात आले. त्यानंतर मॉनिटरिंगचे कॉन्सलवरील अवलंबित्व कंपनीने तोडले.

२००३ च्या अंधारातही हाच धागा

यादी आणि वास्तव यांत अंतर पडण्याचा धोका क्लाऊडबरोबर आलेला नाही. १४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिकेचा ईशान्य भाग आणि कॅनडातील ऑन्टारिओ अंधारात गेले, सुमारे ५ कोटी लोकांची वीज गेली. त्या दुपारी ओहायोतील ‘फर्स्टएनर्जी’ या वीज कंपनीच्या नियंत्रण कक्षातील धोक्याची सूचना देणारे सॉफ्टवेअर २ वाजून १४ मिनिटांनी गोठले होते. दोन प्रक्रिया एकाच वेळी एकाच माहितीला हात घालत असल्याने होणारा हा बग होता. सूचना येत नव्हत्या, म्हणून कर्मचाऱ्यांना सगळे सुरळीत वाटत होते.

त्याच दिवशी त्या भागातील ग्रिडवर लक्ष ठेवणाऱ्या ‘मिसो’ या संस्थेचे विश्लेषण सॉफ्टवेअरही चुकत होते. एक वाहिनी प्रत्यक्षात बंद होती आणि सॉफ्टवेअरच्या नोंदीत ती चालूच होती. कारण त्या वाहिनीची स्थिती आपोआप अद्ययावत होत नव्हती. विश्लेषकाने दुरुस्तीसाठी दर पाच मिनिटांनी आपोआप होणारी फेरी थांबवली, नोंद सुधारली, पण फेरी पुन्हा सुरू करायची राहिली आणि तो जेवायला गेला. पुढे दुसऱ्या एका वाहिनीबाबत तोच घोळ झाला. सगळे पूर्ववत झाले ते ४ वाजून ४ मिनिटांनी. ग्रिड कोसळायला तेव्हा जेमतेम दोन मिनिटे उरली होती.

बग दुरुस्त कसे होतात?

प्रोमिथियसच्या सुधारित आवृत्त्या साधारण दर सहा आठवड्यांनी येतात. प्रत्येकीबरोबर बदलांची यादी असते आणि प्रत्येक बदलावर शिक्का असतो. नवी सुविधा, सुधारणा की बग दुरुस्ती. सर्व्हिस डिस्कव्हरीचा उल्लेख या याद्यांत वारंवार येतो. कारण उघड आहे. बाहेरची क्लाऊड सेवा बदलली, की तिच्याशी बोलणारा कोडही बदलावा लागतो. प्रोमिथियस स्थिर राहिले, तरी त्याच्या भोवतालचे जग स्थिर राहत नाही.

दुरुस्तीतला अवघड भाग बग पुन्हा घडवून पाहण्याचा असतो. वेळेच्या गणितावर अवलंबून असलेला बग हजारात एकदा दिसतो आणि पाहायला गेले की लपतो. ‘गो’ भाषेत यासाठी ‘रेस डिटेक्टर’ आहे. दोन प्रक्रिया एकाच माहितीला एकदम हात घालत असतील, तर चाचणीच्या वेळी तो त्यांना पकडून देतो. बग हाती लागला, की आधी तो दाखवून देणारी चाचणी लिहितात. ती नापास होते. मग दुरुस्ती करतात आणि ती पास होते. ही चाचणी कोडमध्ये कायमची राहते. दोन वर्षांनी कोणी तोच भाग बदलला आणि बग परत आला, तर चाचणी लगेच ओरडते.

हे काम करणारे वेगवेगळ्या कंपन्यांतील अभियंते आणि स्वयंसेवक असतात. ‘गुगल समर ऑफ कोड’सारख्या उपक्रमांतून भारतीय विद्यार्थ्यांनीही प्रोमिथियसच्या कोडमध्ये भर घातली आहे.

राखणदाराची राखण कोण करणार?

मॉनिटरिंग सॉफ्टवेअरच बंद पडले, तर सूचना कोण देणार? यावरचा उपाय मुंबईकरांना ओळखीचा वाटेल. लोकलच्या मोटरमनला ‘डेडमॅन हँडल’ दाबून धरावे लागते. काही कारणाने हात सुटला, की ब्रेक लागतात. म्हणजे तिथे इशारा न येणे हाच इशारा असतो.

कुबरनेटीसवर प्रोमिथियस बसवण्याच्या प्रचलित संचात ‘वॉचडॉग’ नावाची सूचना असते. ती सतत चालूच असते आणि बाहेरच्या एखाद्या स्वतंत्र सेवेला ‘मी आहे’ असे सांगत राहते. ती थांबली, की बाहेरची सेवा अभियंत्याला उठवते. गळलेल्या नावांसाठीही असाच उलटा नियम लिहिता येतो. ‘या नावाचा आकडाच दिसत नसेल, तर कळव’ असे सांगणारे ‘ॲबसेंट’ हे फंक्शन प्रोमिथियसमध्ये आहे. अट एकच. कोण असायला हवे, हे आधी कोणी तरी लिहून ठेवलेले असले पाहिजे.

आता पुढे काय?

३.० आवृत्तीत मोजमापांच्या नावांत जगातल्या बहुतेक लिप्या चालू लागल्या. देवनागरीत नाव दिलेले मोजमापही आता प्रोमिथियस स्वीकारते. त्याहून मोठा बदल ‘ओपनटेलिमेट्री’ या सामाईक पद्धतीने पाठवलेले आकडे थेट घेण्याचा. यात प्रोमिथियस फेरी मारत नाही, सर्व्हर स्वतः आकडे आणून देतो. ही सोय अनेकांना हवी होती. पण इथे नावे पुकारली जात नसल्याने ‘अप’ हा आकडा तयार होत नाही. सर्व्हर गप्प झाला, तर तो बिघडला की गर्दी ओसरल्याने मुद्दाम बंद केला, हे नुसत्या शांततेवरून सांगता येत नाही. त्यासाठी पुन्हा यादीच लागते. आकडे आणायची पद्धत कोणतीही असो, सर्व्हिस डिस्कव्हरीची गरज त्यामुळे संपत नाही.

छोट्या कंपन्यांनी काय तपासावे?

पुण्या-मुंबईतल्या किंवा कोल्हापूर-नाशिकच्या एखाद्या दहा जणांच्या स्टार्टअपलाही पुढच्या गोष्टी खर्चाविना तपासता येतात.

१. क्लाऊडच्या बिलावर किती यंत्रे आहेत आणि मॉनिटरिंगच्या यादीत किती, हे दोन आकडे महिन्यातून एकदा शेजारी ठेवावेत. फरक असेल, तर प्रत्येक यंत्राचे कारण सांगता आले पाहिजे.

२. यादीतील सर्व्हरची संख्या अचानक घटली, तर सूचना मिळेल असा नियम लिहावा. कालच्या या वेळेपेक्षा निम्मे सर्व्हर दिसत असतील, तर ती बातमी आहे.

३. चाळणीचे नियम बदलताना बदलाआधीची आणि नंतरची यादी ताडून पाहावी.

४. मॉनिटरिंग ज्या सेवेवर अवलंबून आहे, तीच सेवा पडली तर आकडे कुठून मिळणार, याचे उत्तर आधीच लिहून ठेवावे.

५. एक बिनमहत्त्वाचा सर्व्हर मुद्दाम बंद करून पाहावे, की कोणाचा फोन वाजतो आणि किती मिनिटांनी. ही चाचणी कामाच्या दिवशी, सगळे जागेवर असताना घ्यावी. फोन वाजला नाही, तर आधी यादीत त्या सर्व्हरचे नाव शोधावे.